सात महिने, चौसष्ट पायऱ्या आणि एक 'टक्'

पहिल्या महिन्यात मी या डिजिटल अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक पायऱ्यांनी कमी करणाऱ्या) मॉड्यूलला एक तारा दिला होता आणि वर विक्रेत्याचा उद्धारही केला होता. ते सगळं पुसून हे लिहितोय.

६ बिट, ०.५ डीबीची (डेसिबल, सिग्नल किती पट कमी-जास्त ते सांगणारं माप) पायरी, ३१.५ डीबीचा पल्ला. बाकी आकडे तुम्ही वाचलेच असतील. माझ्या घरी बांधलेल्या रिसीव्हरमध्ये क्रिस्टल फिल्टरनंतर, दोन आयएफ (रिसीव्हरच्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये तो बसवलाय. पुढे लॉग डिटेक्टर (सिग्नलची ताकद डीबीत सांगणारा), त्याच्यावर पीक, म्हणजे सिग्नलचं सर्वांत वरचं टोक, धरून ठेवणारा कपॅसिटर, आणि ते वाचून मायक्रोकंट्रोलर एजीसी (सिग्नलची पातळी आपोआप सारखी ठेवणारी यंत्रणा) चालवतो.

आधी त्या जागी एडी८३६७ होता, कंट्रोल व्होल्टेजने गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) बदलणारा. चिप झकास आहे, ४५ डीबी पल्ला आणि कंट्रोल व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात डीबी. पण २० मिलिव्होल्टला १ डीबी हलतो. म्हणजे त्या पिनवर १ मिलिव्होल्टची रिपल (व्होल्टेजमधली थरथर) शिरली की गेन ०.०५ डीबीने डुलणार आणि सिग्नलच्या दोन्ही बाजूंना साधारण ५१ डीबी खाली भुतं (खोटे सिग्नल) उभी राहणार. माझ्या स्विचिंग सप्लायची रिपल त्याच्या कितीतरी पट. नवा सप्लाय घेण्यापेक्षा हे मॉड्यूल स्वस्त पडलं, एवढंच माझं संशोधन. ते बिटांवर चालतं, त्यामुळे पिनवरच्या रिपलचं त्याला सोयरसुतक नाही. भुतं पहिल्याच रात्री गेली.

आणि वेग! डिटेक्टर डीबीत बोलतो, अटेन्युएटर डीबीत ऐकतो. सिग्नल १२ डीबी जास्त आला? २४ पायऱ्या एका दमात. चाचपडणं नाही, झोके नाहीत. दोन दिवस मी नुसता बँडवर इकडून तिकडे फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी 'टक्' ऐकू आलं. टक्, मग अर्धा सेकंद शांतता, मग आवाज हळूहळू वर. पुन्हा टक्. नेहमी ऐकतो त्या स्टेशनांवर जास्तच. डिस्प्लेवर अटेन्युएशनचा आकडा लावला तेव्हा कळलं, १५.५ वरून १६ वर जाताना टक्, आणि लगेच आकडा थेट ३१.५. सोळावरून साडेपंधरावर उतरताना मात्र काही नाही. दुसऱ्या कुठल्याही पायरीवर इतका तमाशा नाही.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर: 'व्हिडिओ पाठवा.' पाठवला. 'आवाज स्पष्ट नाही, पुन्हा पाठवा.' तिसऱ्या व्हिडिओनंतर, बऱ्याच कटकटीनंतर, दुसरं मॉड्यूल आलं. लावलं. टक्. त्याच जागी.

दोन वेगळे नग एकाच पायरीवर अडखळतात म्हटल्यावर संशय स्वतःवर घ्यावा लागला. साडेपंधरा म्हणजे ०१११११, सोळा म्हणजे १०००००. एका पायरीसाठी सहाच्या सहा बिट उलटतात. आणि माझ्या कोडमध्ये सहा पिनांना सहा वेगळ्या ओळी होत्या, खालच्या बिटापासून वर. पाच बिट शून्य झाले, सहाव्याची पाळी यायची आहे, तेवढ्या काही मायक्रोसेकंदांत अटेन्युएशन शून्य! गेन १५.५ डीबीने वर, व्होल्टेज जवळपास सहापट. मॉड्यूल फिल्टरच्या नंतर असल्यामुळे तो झटका कुठे बोथटही होत नाही. कपॅसिटरने तो इमानदारीत धरून ठेवला, कोडने '१५.५ डीबी जास्त' असं वाचलं आणि १६ मध्ये १५.५ मिळवून मॉड्यूलला तळाशी नेऊन बसवलं. उतरताना मधली अवस्था ११११११ असते. तिथे सिग्नल क्षणभर दबतो, पीक तयारच होत नाही, म्हणून शांतता. ज्या वेगावर मी फिदा होतो, त्यानेच हे भोक पाडलं होतं. आणि मी महिनाभर विक्रेत्याला बोल लावत होतो.

सहा पिनांच्या वायरी काढल्या, सीरियल पद्धतीवर गेलो. सहा बिट आधी आत सरकवायचे आणि लॅचच्या एका पल्सवर सगळे एकदम लागू. टक् गेलं. स्कोपवर अजून एक बारीक काटा दिसतो, कारण आतले स्विचही अगदी एका क्षणी उघडझाप करत नाहीत. पण तो इतका अरुंद आहे की डिटेक्टरनंतर एक रेझिस्टर आणि छोटा कपॅसिटर टाकल्यावर तो पीक धरणाऱ्या कपॅसिटरपर्यंत पोचत नाही. शिवाय १ डीबीचा डेड बँड (एवढ्या फरकाकडे कोडने दुर्लक्षच करायचं) ठेवला, नाहीतर लक्ष्य दोन पायऱ्यांच्या मध्ये पडलं की गडी रात्रभर १५.५–१६–१५.५ खेळत बसतो.

तरी मन शांत होईना. मग भंगाराच्या डब्यातून ३०० ओहमचे दोन आणि १८ ओहमचा एक असे रेझिस्टर काढून मॉड्यूलच्या पुढे ३ डीबीचा पाय (π) पॅड, म्हणजे सिग्नल कायम ३ डीबीने कमी करणारी जोडणी, लावला. आता रोजची स्टेशनं १२.५–१३ वर बसतात, सोळाच्या उंबऱ्यापासून लांब. आधीच्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन भरपूर असल्यामुळे नॉइजमध्ये जाणवेल असा फरक नाही. गरज नव्हती, पण फुकटात झोप लागते.

आता खरी खोट. हे मॉड्यूल सुरू होताना अटेन्युएशन शून्य असतं, म्हणजे गेन पूर्ण. मायक्रोकंट्रोलर जागा होईपर्यंत हेडफोन किंचाळतो. सुरुवातीची अवस्था ठरवणारे पिन बोर्डवर थेट ग्राउंडला जोडून टाकलेत. जंपर दिला असता तर काय बिघडलं असतं? शून्यावरही ते दीड डीबी खातं, त्याची मला तक्रार नाही. या किंचाळीची आहे. एक तारा त्याचा कापला, म्हणून चार.

पिन उचलून सोल्डर करायचं सात महिने पुढे ढकलतोय. सध्या आधी हेडफोन काढतो, मग स्विच लावतो.

बदलून आलेलं दुसरं मॉड्यूल परत करायचं म्हणून विक्रेत्याला कळवलं, चूक माझी होती हेही लिहिलं. उत्तर आलं: 'व्हिडिओ पाठवा.'