घरच्या फायबरवर छापखान्याचा सर्व्हर

रावपुऱ्यात वर घर, खाली छापखाना. घरच्याच ब्रॉडबँडवर दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणारा फाईलींचा डबा, बसवला. आतल्या आत झकास. लग्नपत्रिकेची जडशीळ फाईल क्लिक करताच उघडते. बाहेरून मात्र बोंब! लाइन सीजीनॅटवर, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. राउटरवर पोर्ट उघडून उपयोग शून्य. टेलस्केल (लांबची यंत्रं खाजगी जाळ्यात जोडणारं ॲप) टाकलं, तेव्हा कुठे आमचे बंधुराज पुण्याहून आत शिरले. तरी अपलोड ४० एमबीपीएस, म्हणजे २ जीबी बाहेर जायला ७ मिनिटं, तीही लाइन मोकळी असली तर. यूपीएस राउटरलाही लावा, नुसत्या नॅसला लावून भागत नाही. आणि एकीची नक्कल दुसरीवर ठेवणारी डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे: पोराने उडवलेली फाईल दोन्हींवरून उडते. चार माणसांपुरतं बेस्ट. गिऱ्हाइकांना रोज लिंका पाठवायच्या असतील, तर गुमान क्लाउड घ्या.