आठ कप्पे की चौकटींची पेटी?

'रेझिडेंट ईव्हिल २' (२०१९) या भयावह व्हिडिओ गेममध्ये सामान बाळगायला सुरुवातीला फक्त आठ कप्पे मिळतात, तर 'रेझिडेंट ईव्हिल ४' (२००५) मध्ये चौकटींची एक पेटी, जिच्यात प्रत्येक वस्तू आपल्या आकारानुसार जागा अडवते.

पहिल्या खेळात किल्ल्या आणि औषधी वनस्पती एकाच जागेसाठी भांडतात. त्यामुळे खोलीबाहेर पडण्यापूर्वीच काय मागे ठेवायचे हे ठरवावे लागते आणि उरलेले सामान पेटाऱ्यात टाकावे लागते. सुदैवाने हे पेटारे एकमेकांशी जोडलेले असल्याने एकात ठेवलेली वस्तू दुसऱ्यातून काढता येते. किल्लीवर लाल खूण दिसली की तिचे काम संपले असे समजून ती खुशाल टाकून द्यावी.

दुसऱ्यात किल्ल्यांची सोय वेगळी आहे. प्रश्न उरतो तो रचनेचा. हिरव्या आणि लाल वनस्पतीला प्रत्येकी दोन चौकटी लागतात, पण त्यांचे मिश्रणही दोनच चौकटींत मावते, म्हणून मिश्रण लगेच करून टाकावे. लांब रायफल आडवी-उभी फिरवून बसवण्यात, गावाला निघताना बॅग भरावी तशी, माझी बरीच मिनिटे जातात.

भीती टिकवण्यात आठ कप्पेच सरस आहेत, तरीही मला स्वतःला पेटीच अधिक आवडते.