जुन्या मिररमध्ये ८ टीबीची डिस्क: ०.९०, १.० की १.२?

२०१० च्या आसपास लिनक्सवर उभारलेला २ टीबीचा मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा ठेवणारी जोडी) भरत आलाय आणि आता ८ टीबीच्या दोन डिस्क घ्यायच्या आहेत? पैसे मोजण्याआधी मिररची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल (/proc/mdstat) उघडून बघा. ब्लॉक्सच्या आकड्यापुढे ‘सुपर १.२’ दिसलं तर निम्मी काळजी मिटली. आकड्यानंतर लगेच [२/२] [यूयू] असेल, तर ॲरे (हा डिस्कचा संच) जुन्या ०.९० मेटाडेटावर आहे. मेटाडेटा म्हणजे ॲरेची माहिती डिस्कवर लिहिण्याची पद्धत; ०.९०, १.० आणि १.२ या तिच्या आवृत्त्या.

०.९० मध्ये प्रत्येक डिस्कचा आकार किलोबाइटांत, ३२ बिटांत नोंदवला जातो. म्हणजे मिररमध्ये एका डिस्कचे फार तर ४ टेबिबाइट (१०२४ च्या पटीत मोजलेले टीबी) वापरता येतात, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१ च्या आधीचा असेल तर २ वरच गाडी अडते. बाजारातली ‘४ टीबी’ डिस्क प्रत्यक्षात ३.६४ टेबिबाइटच भरते, म्हणून ती कशीबशी बसते. ६ ची नाही, ८ ची तर नाहीच.

१.० आणि १.२ मध्ये ही अडचण नाही, तिथे आकार ६४ बिटांत असतो. फरक आहे तो सुपरब्लॉकच्या, म्हणजे मेटाडेटा लिहिलेल्या ब्लॉकच्या, जागेचा. १.० त्याला डिस्कच्या शेवटी ठेवतं, त्यामुळे मिररमधली एकटी डिस्क साध्या पार्टिशनसारखी वाचता येते. ईएफआय पार्टिशनला (संगणक सुरू होताना जिथून वाचतो तो भाग) हे सोयीचं. पण कुणी चुकून तीच एकटी माउंट करून त्यावर लिहिलं, तर दोन्ही प्रती गुपचूप वेगळ्या होतात. १.२ मध्ये सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ केबीवर असतो आणि डेटा त्याच्या पुढे, म्हणून हा घोळ सहसा होत नाही. डेटासाठी मी डोळे झाकून १.२ घेतो.

०.९० वरून जागच्या जागी १.० वर जाता येतं: ॲरे थांबवायचा, बिटमॅप (कुठले भाग दोन्ही डिस्कवर सारखे करायचे राहिलेत याची नोंद) आधी काढलेला हवा, मग असेंबल करताना, म्हणजे ॲरे पुन्हा जोडताना, मेटाडेटा अपडेट करायचा. पुढे एकेक डिस्क बदलायची. सेकंदाला १५० एमबी धरले, तरी ८ टीबीची डिस्क पूर्ण सिंक व्हायला १५ तास लागतात, आणि मिरर एका पायावर उभा असताना ते तास फार लांब वाटतात. त्यापेक्षा दोन जादा सॅटा पोर्ट मोकळे असतील तर १.२ चा नवा ॲरे करून डेटा कॉपी करा. जुन्या डिस्क तशाच कपाटात राहतात.

एमबीआर (जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) मात्र विसरू नका. ५१२ बाइटांचे सेक्टर असतील तर ते २ टेबिबाइटच्या पुढे जात नाही, मेटाडेटा कुठलाही असो. मी एकदा नवा १.२ ॲरे केला, पण पार्टिशन टेबल सवयीने जुनंच ठेवलं. सिंक चार तासांत आटोपलं तेव्हा डिस्क भलतीच वेगवान निघाली म्हणून खूश होतो. प्रत्यक्षात २ टेबिबाइटच सिंक झाले होते. जीपीटी (नव्या पद्धतीचं टेबल) करून सगळं परत करावं लागलं.

आत्ता एकच ८ टीबीची घेऊन जुन्या २ टीबीसोबत लावायचा विचार असेल, तर मिररचा आकार लहान डिस्क ठरवते: हाती २ टीबीच येतील.