मोटर वाइंडिंग, देवळी-पुलगाव रस्ता: काम पक्कं, पण घाईत असाल तर आधी विचारून जा

देवळीहून पुलगावकडे निघालं की रस्त्याला लागूनच टिनाचं शेड आहे. पाटीवर फक्त ‘मोटर वाइंडिंग’ एवढंच लिहिलंय. गव्हाच्या ओलिताच्या ऐन दिवसांत आमची पाच एचपीची सबमर्सिबल जळली. रात्रीची लाइन, एक फेज गेला, दोन फेजवर मोटर नुसती घुमत राहिली आणि कॉइल भाजून निघाली. गावात दोघातिघांनी सांगितलं, तिथे नेऊ नका, तिथे दारुडे बसवलेत. हे लिहायचं कारण तेच.

तिथे शिकणारी पोरं उपचार पूर्ण करून, दारू सोडून आलेली आहेत. मिस्त्री आधी दवाखाना झालाय का, हे विचारतो. ते बरोबरच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. ते डॉक्टरचं काम, दुकानदाराचं नाही.

मी मुद्दाम बसून काम पाहिलं. सबमर्सिबलच्या स्टेटरला, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या बाहेरच्या भागाला, प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार लागते आणि ती खाचांमधून एकेक वळण हाताने ओढावी लागते. स्टेटर आडवा, दोन्ही बाजूंना एकेक जण. हा तार पुढे सारतो, तो ओढून घेतो आणि परत पाठवतो, सुईत दोरा ओवावा तसं. प्रत्येक वळण मोठ्याने मोजायचं. वळणं कमी भरली तर मोटर जास्त अँपिअर ओढते आणि पुन्हा जळते. जुनी कॉइल काढतानाच वळणांचा आकडा आणि तारेचा गेज वहीत लिहून ठेवलेला असतो. मधेच मी काहीतरी विचारलं, तर त्यातला धाकटा मान वर न करता म्हणाला, ‘‘थांबा काकू, मोजणं चुकीन.’’ खाच भरल्यावर मग बोलला, ‘‘घाई केली त आवरण सोलते. मंग पाणी शिरते अन् मोटर पुन्हा विहिरीतून काढा लागते.’’

नवीन पोराला तार लगेच देत नाहीत. आधी जळकी कॉइल काढणं, खाचा घासणं, बेअरिंग बसवणं. हात स्थिर झाला की मग स्टेटर. शेवटी स्टेटर पाण्यात बुडवून ठेवतात आणि मेगर, म्हणजे तारेच्या आवरणातून करंट गळतो का ते दाखवणारं यंत्र, लावून तपासतात. माझ्यासमोर एक मोटर यात नापास झाली. मिस्त्री ओरडला नाही, दोघांना ती पुन्हा उकलायला बसवलं.

आमची मोटर हंगामभर चालली. दर इतर दुकानांएवढाच. वेळ मात्र जास्त लागतो, आणि आठवड्यातून एक दुपार दुकान बंद असतं, कारण पोरं व्यसनमुक्तीच्या बैठकीला जातात. ओलित अडलं असेल तर हे जड जातं, खरं आहे. दुकानात खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटायची मुभा गिऱ्हाइकालाही नाही. माझ्या दिराला ते आवडलं नाही, मला फार आवडलं.

मजुरी बाजाराच्या दिवशी रोख देत नाहीत, खात्यात टाकतात. वर्धा जिल्ह्यात जवळपास 50 वर्षं दारूबंदी असूनही बाजाराच्या दिवशी खिशात पैसे असले की काय होतं, ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आमच्याच घरातला एक माणूस उपचार घेऊन चांगला होऊन आला होता. हाताला काम नव्हतं, दिवसभर पानठेल्यावर बसायचा. पुन्हा दारूकडे गेला. तेव्हा असं एखादं शेड जवळपास असतं तर!

एक गोष्ट खटकते. पोरांना सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मुलं घ्यायची तर किमान चार कामगारांची आस्थापना लागते, मिस्त्रीकडे तेवढी माणसं नाहीत. देवळीच्या एमआयडीसीत कारखाने आहेत, त्यांनी यातली दोन पोरं घेऊन पाहावीत. मोजून काम करणारी माणसं त्यांनाही हवीच असतील.

घरात कोणी सोडायला तयार असेल तर 14446 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, सुरुवात तिथून करा. आणि मोटर नेताना केबलचा जळका तुकडाही सोबत न्या, जोड तेच मारून देतात.