ट्रोलिंग मोटर नाळेवर बसवावी की पिछाडीला?

हौशी मासेमारीच्या छोट्या बोटीला इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासे धरताना बोट संथ चालवणारी बॅटरीवरची छोटी मोटर, घ्यायची म्हटलं की चर्चा थ्रस्टवरच, म्हणजे तिच्या जोरावरच अडकते. तो प्रश्न मला फार अवघड वाटत नाही. बोट, इंजिन, माणसं, सामान असं सगळं धरून दर १०० पौंड वजनाला किमान २ पौंड थ्रस्ट धरावा, वाऱ्याच्या पाण्यात त्याहून थोडा जास्त. मोटर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसवायची की पिछाडीला हे मात्र नीट विचार करून ठरवायला हवं, कारण पाण्यावरचा अख्खा दिवस कसा जाणार ते त्यावर ठरतं. मी आधी पिछाडीची मोटर वापरली, आता नाळेवरची वापरतो.

पिछाडीच्या मोटरला नावं ठेवायला माझं मन होत नाही. दोन क्लॅम्प आवळले, बॅटरी जोडली की बोट निघाली. बोटीला एकही भोक पाडावं लागत नाही, बॅटरी जवळच असल्याने तारा आखूड राहतात आणि काम झालं की मोटर उचलून घरी नेता येते. भाड्याच्या किंवा हवा भरायच्या बोटीला हीच सोयीची. मागे ल्युअर (नकली आमिष) सोडून काठाकाठाने संथ जायचं असेल तर तिच्यात काहीच कमी नाही. फक्त पाच पुढचे आणि तीन मागचे गिअर असलेल्या जुन्या पद्धतीच्या मोटरपेक्षा वेग हवा तेवढा कमीजास्त करता येणारी घ्यावी. कमी वेगात तिची बॅटरी बरीच जास्त पुरते.

माझं घोडं अडलं ते वाऱ्यापाशी. छोट्या बोटीत इंजिन, बॅटरी आणि चालवणारा माणूस असं सगळं वजन मागे असतं, त्यामुळे नाळ हलकी होऊन वर उचलली जाते. बाजूचा वारा नेमका तिलाच धरतो. मोटर मागून ढकलत असते आणि नाळ वाऱ्याबरोबर फिरत असते, मग एक हात सतत मोटर वळवायच्या दांड्यावर ठेवून ती सरळ करत बसावं लागतं. नुसतं जायचं असेल तर हे चालतं. पण बुडालेल्या झाडासमोर थांबून कास्ट करायचं, म्हणजे रॉडने आमिष लांब फेकायचं असेल तर प्रत्येक कास्टआधी दांडा सोडायचा, ल्युअर पाण्यात पडेपर्यंत बोट वळलेली, लाईन तिरकी झालेली, आणि पुन्हा दांडा. मासा लागतो तेव्हा तर दोन्ही हात रॉडलाच हवे असतात आणि त्याच वेळी बोट झाडाकडे सरकू लागते. काहीजण मोटरचं डोकं उलटं फिरवून पिछाडी पुढे करून चालतात. ताबा खरोखर सुधारतो, पण लाटा बोटीच्या सपाट मागच्या बाजूवर आदळतात आणि काठ बुटका असेल तर पाणी आत येतं.

नाळेवरची मोटर बोटीला पुढून ओढते, त्यामुळे वारा ज्या टोकाला फिरवू पाहतो तेच टोक तिच्या ताब्यात असतं. त्यात पायाचं पेडल असलं की दोन्ही हात मोकळे. पेडलही केबलवालं की वायरलेस, हा आवडीचा भाग आहे. केबलवाल्याला पायाचा इशारा लगेच कळतो, म्हणून आडोशाच्या जागी कास्ट करायला मला ते बरं वाटतं. खोल पाण्यात एकाच जागी थांबायचं असेल तर जीपीएस अँकरसारखं सुख नाही, त्यात मोटर स्वतःच बोट त्या जागी धरून ठेवते. नांगराची दोरी नाही, गाळ नाही.

याचा मोबदला बसवताना द्यावा लागतो. डेकमधून आरपार बोल्ट आणि खालून रुंद वॉशर किंवा पट्टी हवीच. नुसत्या स्क्रूवर लाटांचे हिसके फार दिवस निभत नाहीत. काढता येणारी बेसप्लेट घेतली तर मोटर रोज उतरवता येते. मोटरच्या उभ्या नळीची लांबी डेकपासून पाण्यापर्यंत मोजून ठरवा. पंखा पाण्याखाली किमान ३० सेंटीमीटर राहायला हवा, आणि लाटेत नाळ उचलली जाते त्यासाठी आणखी थोडी लांबी धरा.

नाळेवर मोटरचं वजन वाढतं म्हणून बॅटरी मध्ये किंवा मागे ठेवलेली बरी. पण मग तार लांबते, आणि इथे कंजुषी करू नये. बॅटरी मोटरपासून ५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार होते. ५० अँपिअरला ६ गेजच्या तारेत (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त नुकसान होतं, १० गेजच्या तारेत दीड व्होल्टहून जास्त, आणि तार तापते ती वेगळीच. १२ व्होल्टवर हा फरक पंख्याच्या जोरात लगेच जाणवतो. ५५ पौंड थ्रस्टच्या मोटरला ६० अँपिअरचा ब्रेकर लागतो, तो बॅटरीजवळच लावावा. फिशफाइंडरला (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) वेगळी छोटी बॅटरी दिली तर पडद्यावर रेघोट्या येण्याची शक्यता कमी होते.

बोट फार लहान असेल, डेकला भोक पाडणं शक्यच नसेल किंवा तुमची मासेमारी बहुतेक ओढत जाण्याचीच असेल, तर पिछाडीची घ्या, समाधानी राहाल. उभं राहून कास्ट करणाऱ्याला मात्र मी नाळेवरचीच सुचवेन. तरीही मन ठरत नसेल तर वाऱ्याच्या दिवशी पिछाडीची मोटर असलेल्या ओळखीच्या बोटीतून जाऊन या, आणि कास्ट करताना हात किती वेळा दांड्याकडे वळतो ते पाहा.