क्लेटन, पिट्सबर्ग: भागीदारीत धंदा करणाऱ्यांनी बघावंच असं घर

लेकीकडे पिट्सबर्गला आलोय. शिरोलीला तीस वर्षं फौंड्री चालवली, त्यातली अठरा भागीदारीत. त्यामुळे पोलाद आणि कोकच्या धंद्यातला जुना अमेरिकन उद्योगपती आणि अँड्र्यू कार्नेगीचा भागीदार हेन्री क्ले फ्रिक याचं घर बघायचं हे कोल्हापूर सोडतानाच ठरवलं होतं.

पॉइंट ब्रीझ भागातलं हे घर २३ खोल्यांचं. सामानसुमान बहुतेक त्या कुटुंबाचंच. मुलगी हेलन १९८४ साली इथंच वारली, १९९० पासून घर लोकांना खुलं झालं. गाइडबरोबरच फिरवतात, तिकीट आधी काढून ठेवा. आपोआप वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रियनपाशी आमची मंडळी रमली.

माझं लक्ष लागलं होतं १८९२ कडे. ६ जुलैला होमस्टेडच्या पोलाद कारखान्यावर संपकरी आणि फ्रिकने आणवलेले ३०० पिंकर्टन, म्हणजे खाजगी कंपनीचे भाडोत्री पहारेकरी, यांच्यात गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच दिवशी फ्रिकला मुलगा झाला. अडीच आठवड्यांनी ऑफिसात घुसून एकाने फ्रिकवर गोळ्या झाडल्या, जखमी फ्रिक याच घरात पडून होता. ऑगस्टमध्ये बाळ गेलं. थोरला भागीदार अँड्र्यू कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडात. आधी पत्रांतून मोकळीक दिली, बोभाटा झाल्यावर अंग काढून घेतलं. माझ्या मते भागीदारी तिथंच मोडली, कागदावर मोडायला आणखी सात वर्षं गेली.

निमित्त झालं कोकचं, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या भट्टीच्या इंधनाचं. ते फ्रिकची कंपनी कार्नेगीच्या कारखान्यांना विकायची. टनाला १.३५ डॉलर हा दर दोघांत तोंडीच ठरलेला. बाजार चढला तसा फ्रिक जास्त मागायला लागला, म्हणाला, करार झालाच नव्हता. मग कार्नेगीने जुन्या करारातलं कलम काढलं आणि फ्रिकचा हिस्सा वहीतल्या किमतीला, म्हणजे सुमारे ५० लाख डॉलरला, घ्यायला निघाला. फ्रिक कोर्टात गेला. मार्च १९०० मध्ये तडजोड झाली तेव्हा त्याला शेअर आणि रोखे मिळून ३ कोटींच्या वर मिळाले.

वहीतली किंमत म्हणजे घसारा जाऊन उरेल ती. भट्टी चालती आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, याचा त्यात एक रुपया धरत नाहीत. आमची वाटणी झाली तेव्हा मी त्याच आकड्यावर सही केली. आजही सलतं. गाइडबाईंना मी कोकच्या दरावरून इतकं विचारलं, तरी टूर संपल्यावर त्या पायऱ्यांवर थांबून बोलत राहिल्या. त्यांचे मनापासून आभार.

घर बघून झालं की ग्रँट स्ट्रीटवरची फ्रिक बिल्डिंगही बघा. कार्नेगीच्या इमारतीला खेटून, तिच्याहून उंच बांधलेली. कार्नेगीची १९५२ मध्ये पाडली. फ्रिकची उभी आहे, आणि तिच्या लॉबीत रंगीत काचेत भाग्यदेवता आहे, चाकावर उभी.