दाढ वाचवायची की काढून इम्प्लांट बसवायचा?

दाढ खोलवर किडली, कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की डॉक्टर साधारण दोन पर्याय देतात, रूट कॅनल करून कॅप किंवा दाढ काढून इम्प्लांट, आणि बरेच जण तिथल्या तिथे "काढूनच टाका, कटकट नको" म्हणून मोकळे होतात. प्लीज एवढी घाई करू नका.

रूट कॅनलमध्ये आतली सडलेली नस काढतात, मुळांमधल्या बारीक नळ्या साफ करून त्यात गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतात. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा एक चौथी नळी लपलेली असते, ती राहून गेली तर इन्फेक्शन परत येऊ शकतं, त्यामुळे काम करणारा हात चांगला हवा. आणि दुखणं थांबलं म्हणून कॅप टाळणारे खूप आहेत, पण दाढ आधीच पोखरलेली असते, एखाद दिवशी चावताना उभी चिरते आणि चीर मुळापर्यंत गेली की मग बहुतेक वेळा काढावीच लागते.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरायला साधारण 3 ते 6 महिने जातात. त्याला कीड लागत नाही, ब्रिजसाठी (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात) करतात तसे शेजारचे चांगले दात घासून बारीक करावे लागत नाहीत, हे फायदे खरेच मोठे आहेत. पण भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं, आणि सिगरेट ओढणाऱ्यांना किंवा शुगर कंट्रोलमध्ये नसलेल्यांना हा धोका जास्त.

अजून एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यामुळेच घासात बारीकसा खडा आला तरी जबडा पटकन थांबतो, इम्प्लांटला तो पडदाच नसतो म्हणून दाबाची जाणीव बरीच कमी. म्हणून मी तरी आधी दाढ वाचवण्याच्याच बाजूने.

फक्त डॉक्टरांना एक विचारा, हिरडीच्या वर चांगला दात किती उरलाय? चारही बाजूंनी साधारण 2 मिमी असेल तर कॅपला पकड मिळते, नसेल किंवा मूळच उभं तडकलं असेल तर ओढूनताणून वाचवण्यात अर्थ नाही. काढायचंच ठरलं तर पुढचं प्लॅनिंग काढण्याआधीच करून घ्या, कारण जागा रिकामी राहिली की शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेत सरकतो, हाडही बारीक होत जातं, आणि मग इम्प्लांटच्या आधी हाड भरायचं काम वाढू शकतं.